ध्वज कोरडा होता

मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की दारातच आता सई उभी असते. माणसाएवढा तिचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला आहे. डोक्याला फेटा, अंगात वडिलांचा ढगळ झब्बा, हातात भगवा ध्वज आणि तोंड उघडं. खाली लिहिलं आहे, ‘आपल्या ढोल-ताशा पथकाची संस्थापक’. तिला काढून टाकणारं मंडळही हेच.

ओंकार हा सध्याचा सेक्रेटरी. सईची हकालपट्टी झाली तेव्हा तो भारतात शाळेत असेल. परवा घरी आला आणि म्हणाला, “काका, स्मरणिकेत सईताईंवर तुम्हीच लिहा. तेव्हा तुम्ही प्रेसिडेंट होतात ना?” मी हो म्हटलं. दारात बूट चढवताना तो जरा घुटमळला. “पण पॉझिटिव्ह लिहा हं काका. जुनं काही उकरून काढायला नको.”

तो गेल्यापासून मी टेबलाशी बसतो आणि उठतो. सईबद्दल माझ्याकडे जे आहे ते सगळं जुनंच आहे.

ती पहिल्यांदा आमच्या घरी आली तो रविवार होता. शिरीष, म्हणजे तिचे वडील, माझ्यासारखेच मोटारींचे इंजिनिअर. हे कुटुंब फ्रीमाँटहून आमच्या गावी, ॲन आर्बरला, नुकतंच आलं होतं, त्यामुळे मुलगी आमच्यापैकी कुणालाच ओळखत नव्हती. सकाळी शिरीषचा फोन आला, “लेक येतेय तुमच्याकडे. काहीतरी मागणार आहे. नाही म्हणा.” स्वयंपाकघरात आम्ही चार-पाच जण चहा घेत होतो. डॉक्टर पेंडशांना थट्टेची फार हौस. ते म्हणाले, “प्रभाकर, तू सिंकपाशी जाऊन कप पूस. आज मी प्रेसिडेंट.” आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत ते समोर फाइल घेऊन ऐटीत बसले.

सई आली. कानाच्या वर कापलेले केस, बाहेर बर्फ असताना अंगात नुसता स्वेटर. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या खुर्चीला वळसा घालून ती सरळ सिंकपाशी आली.

“काका, प्रेसिडेंट तुम्ही ना?”

“अगं, मी इथे बसलोय,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही नाही,” ती त्यांच्याकडे न वळताच म्हणाली, आणि मग मला, “मला ढोल पाहिजेत आणि माणसं पाहिजेत. गणपतीला आपण टेप लावून नाचतो. इट्स सो सॅड, काका.”

सगळे हसले. माझी बायको शुभा सगळ्यांत जास्त हसली. तिने सईला खुर्ची दिली, लाडू दिला, आणि विचारलं, “पण तू ओळखलंस कसं गं?”

“सगळे एन्जॉय करत होते,” सई म्हणाली. “हे एकटे घाबरलेले होते.”

त्या दिवशी मीही हसलो.

ढोल पुण्याहून आले. माणसं मिळणं त्याहून अवघड होतं. डॉक्टर, प्रोफेसर, पीएचडी करणारी पोरं. पाठीची दुखणी असलेले, बॉसच्या फोनला घाबरणारे. एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये ती त्यांना रांगेत उभं करायची. कमरेला ढोल बांधून, हातात टिपरू घेऊन ही सगळी शहाणी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. ती स्वतः कधी ढोल वाजवायची नाही. ध्वज धरायची. आणि लगेच सुरूही करायची नाही. मान किंचित उजवीकडे कलती करून थांबायची. कुणी चुळबुळ केली की म्हणायची, “थांबा. अजून नाही.” मग एकदम ध्वज खाली यायचा आणि अख्ख्या पथकाचा पहिला ठोका एकत्र पडायचा. 

डॉक्टर पेंडसे मेंदूचे डॉक्टर. ते तिला एकदा म्हणाले, “थांबतेस तेव्हा नेमकं काय ऐकू येतं तुला?”

“काउंट. येतो आपोआप. मोस्टली उजव्या बाजूने.”

“एमआरआय करून घे.”

“केल्यावर थांबला तर?” ती म्हणाली. “मग तुम्ही येऊन काउंट देणार का, काका?”

तिचे नियम होते. पथकात शिवी द्यायची नाही. ज्याने दिली त्याने सगळ्यांचे ढोल एकट्याने व्हॅनमध्ये चढवायचे. नागपूरचा एक पीएचडीचा पोरगा दर रविवारी ढोल चढवायचा. शेवटी शेवटी तो चढवता चढवता नवी शिवी द्यायचा आणि पुढच्या रविवारची सोय करून ठेवायचा. दुसरा नियम बिअरचा. तालमीला कुणीतरी कूलर आणला होता. सईने तो उघडला, एकेक कॅन फोडला आणि गवतावर ओतला. कूलर ज्याचा होता तो एका कंपनीत शंभर माणसांवर साहेब होता. तो हात मागे बांधून बघत राहिला आणि म्हणाला, “सॉरी सई.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती चिडली की रडायची, पण रडली म्हणून हातातलं काम थांबवायची नाही. समोरच्याला कळायचंच नाही की हिला समजवायचं की हिचं ऐकायचं.

तिच्याकडे गाडी नव्हती, म्हणून तालमीनंतर तिला घरी मी सोडायचो. एकदा विचारलं, हे झेंड्याचं खूळ कुठून आलं? फ्रीमाँटला ती नन्सच्या शाळेत होती. शिस्त चांगली म्हणून शिरीषने घातली होती. त्या शाळेच्या जिन्याखाली जोन ऑफ आर्कचा पुतळा होता. चिलखत घातलेली, केस कापलेली मुलगी, हातात झेंडा. सईने चौथीत तिच्यावर प्रोजेक्ट केला आणि मग तिला सोडलंच नाही.

“शेतकऱ्याची मुलगी, काका. लिहिता-वाचता येत नव्हतं. सतरा वर्षांची असेल. तिला आवाज ऐकू यायचे. राजाकडे गेली आणि म्हणाली, मला आर्मी दे. ॲण्ड ही गेव्ह इट.”

“मग?”

“मग ती जिंकली. राजाच्या डोक्यावर मुकुट आला. मग शत्रूंनी तिला पकडलं, चर्चने केस चालवली आणि तिला जाळलं. मग त्याच चर्चने तिला सेंट केलं.”

“मग म्हणजे कधी?”

“पाचशे वर्षांनी.” ती खिडकीबाहेर बघत हसली. “कमिटी मीटिंग लांबली असेल.”

लढाईत जोन तलवार चालवायची नाही, झेंडा धरायची, हे सईला सगळ्यांत आवडायचं. झेंड्यात हात गुंतले की कुणाला मारावं लागत नाही, असं तिचं म्हणणं.

कपड्यांवरून मात्र तिचं रोज वाजायचं. पथकातल्या मुलींनी नऊवारी नेसायची असं विजयाताईंनी ठरवलं होतं. विजयाताई आमच्या सांस्कृतिक समितीच्या. सई वडिलांच्या झब्ब्यात यायची. नऊवारीत धावता येत नाही म्हणाली. “अगं, घोड्यावर बसल्यात बायका नऊवारी नेसून,” विजयाताई म्हणाल्या. “मला घोडा द्या, नेसते,” सई म्हणाली. विजयाताई हे विसरल्या नाहीत.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहायला हवं. दोनदा उठून चहा करून झाला.

आमच्याकडे विसर्जन पार्कात व्हायचं. नदी शेजारून वाहते, पण तिच्यात काही सोडायला परवानगी नाही. म्हणून लहान मुलांच्या खेळण्याचा निळा प्लास्टिकचा पूल, म्हणजे छोटासा तलाव, पाण्याने भरून ठेवायचा. त्याच्या काठावर बदकं छापलेली. आरती झाली की मंडळाची मूर्ती त्यात तीनदा बुडवायची, टॉवेलने पुसायची, थर्माकोलच्या खोक्यात बंद करायची आणि पुढच्या वर्षापर्यंत आमच्या गराजमध्ये ठेवायची. मूर्ती प्लास्टरची, रंग पक्का, वर्षानुवर्षं तीच. शुभा म्हणायची, “वर्षभर बाप्पा तुमच्या स्नो-ब्लोअरशेजारी उभा. आणि आपण म्हणायचं, पुढच्या वर्षी लवकर या. येणार कुठून? गराजातून?”

त्या वर्षी शुभाचे उपचार चालू होते आणि त्यांचा उपयोग होत नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. सईकडे मागितलं. सई दुपारी माझ्याकडे आली, आमच्या ड्राइव्हवेत, मी खोकं गाडीत ठेवत असताना.

“काका, काकू म्हणतायत नदी. मी नेऊ शकते. पण तुम्ही प्रेसिडेंट आहात. तुम्ही सांगा. पूल की नदी?”

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मी म्हणालो, “नदी. पुढचं मी बघतो. होड्या उतरवायच्या उतारावर मी गाडी लावतो, दिव्यांचा उजेड पाण्यावर पाडतो. काकूंना गाडीतून दिसेल.”

“प्रॉमिस?”

“अगं, मी सांगतोय ना.”

सूर्य मावळून अंधार दाटला होता. बाकीचं मंडळ वर पूलपाशी प्रसादाच्या रांगेत होतं. सई पथक घेऊन झाडीतल्या पायवाटेने खाली उतरली. मी उतारावरच्या विलोच्या झाडाआड गाडी लावून दिवे लावले. पोरांच्या पाठी आमच्याकडे होत्या. त्यांना वाटलं असेल, सईनेच कुणाला तरी सांगून ठेवलं आहे. सई पुढे झाली, कमरेएवढ्या पाण्यात, एका हातात ध्वज उंच. मूर्ती घेऊन चौघे तिच्या मागे. शुभाने काच खाली केली. ढोल थांबले होते. नुसतं पाणी वाजत होतं.

तेवढ्यात आरशात पिवळा फिरता दिवा दिसला. पार्कवाल्यांची गाडी वरच्या रस्त्याने खाली वळत होती.

मी दिवे बंद केले आणि गाडी मागे घेतली.

शुभा म्हणाली, “अहो, दिवे.” मी म्हटलं, तुला थंडी लागेल. ती खरंच कुडकुडत होती. ती सबब खरी होती, म्हणूनच इतकी वर्षं टिकली.

अंधारात काय झालं ते मला नंतर कळलं. पाय घसरले, मूर्ती निसटून खडकावर आपटली, एका मुलाचं मनगट मोडलं. सकाळी कनू नावाच्या छोट्या होड्या चालवणाऱ्या मुलांना काठाशी हात तुटलेला गणपती सापडला. त्याचा फोटो गावभर झाला. मंडळाची पार्कातली परवानगी गेली.

मीटिंग आम्ही ज्या चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचो त्याच्या तळघरात झाली, लहान मुलांच्या वर्गात. आम्ही सगळे मोठमोठे लोक गुडघे पोटाशी घेऊन बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो. सई उभी होती. अध्यक्ष मी. प्रश्न डॉक्टर विचारत होते.

“कुणाला विचारून गेलीस?”

“ते नाही सांगणार.”

“म्हणजे तू एकटीने ठरवलंस?”

“नाही.”

“अंधारात पोरांना पाण्यात उतरवलंस?”

“अंधार नव्हता,” सई म्हणाली. “उजेड होता. नंतर गेला.”

“कुणाचा उजेड?”

“ते नाही सांगणार.”

विजयाताई म्हणाल्या, “हिला आवाज येतात, आता उजेडही दिसायला लागला.” दोघे-तिघे हसले. सई रडत होती, पण उत्तरं नीट देत होती. आणि त्या सगळ्या वेळात तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ दिवस धरून चाललो. तिने पाहिलं नाही ते मला वाचवायला, हे लक्षात यायला फार वेळ गेला.

शिरीष उठून तिच्या कानाशी काही बोलला. लेकीसमोर त्याने हात जोडले होते.  सई जमिनीकडे बघत म्हणाली, “ओके. मी एकटीने ठरवलं. सॉरी.” सगळ्यांना हायसं वाटलं. विजयाताईंनी तिला स्वतः चहा आणून दिला. वर्षभर ध्वज धरायचा नाही, मागच्या रांगेत उभं राहायचं, नऊवारी नेसायची, एवढ्यावर मिटलं.

रात्री शुभाने विचारलं, “सईचं काय झालं?”

“मिटलं,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी सई तालमीला आली ती वडिलांच्या झब्ब्यात. व्हॅनमधून तिने ध्वज काढला आणि पथकाच्या पुढे जाऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, “सई, काय ठरलं होतं आपलं?”

“मी त्या दिवशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “मी एकटीने ठरवलं नव्हतं. ते परत घेते.”

“मग कुणी ठरवलं? सांग, आत्ता संपेल सगळं.”

“नाही सांगणार.”

तिथेच, पार्किंग लॉटमध्ये, सईला काढून टाकायला समितीचे हात मोजले गेले. हात वर करा असं सांगणारा मी होतो. माझा स्वतःचा वर होता की नाही हे आठवत नाही, असं मी कुणी विचारलंच तर सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. वर होता.

शुभा वसंतात गेली. तिच्या दिवसांना शिरीषचं कुटुंब आलं, सई नव्हती. ती शिक्षण अर्धवट टाकून कुठेतरी गेली होती. मग शिरीषला चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि तेही गेले. पथक चालू राहिलं, वाढलं, दुसऱ्या गावांतून बोलावणी येऊ लागली. पहिला ठोका मात्र आता शिट्टीवर पडतो.

एकट्या हिवाळ्यांत मी लायब्ररीतून जोनबद्दल जे मिळेल ते आणून वाचलं. त्या गोष्टीत मी स्वतःला न्यायाधीशांच्या बाकावर शोधत होतो. तिथे मी सापडलो नाही. ते निदान उघडपणे तिच्या विरुद्ध होते. दरबारी लोकांत लपलेल्या राजाला तिने बरोबर ओळखलं होतं, आणि खटल्यात राजाबद्दल विचारलं की ती उत्तर द्यायचं नाकारायची. तिला सोडवायला राजाने काही केलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यानेच तिच्या खटल्याची फेरतपासणी करवली. दोषी ठरलेल्या मुलीमुळे आपल्याला मुकुट मिळाला, हे त्याला टोचत असावं. म्हणून हे लिहितानाही मी दर परिच्छेदाला थांबतो. हे मी तिच्यासाठी लिहितोय की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. पण दोन्ही कारणांनी खरं तेच लिहायला लागतं, एवढी सोय आहे.

ओंकार गेल्यावर मी शिरीषकडून तिचा नंबर घेतला. सई ॲरिझोनात असते. जंगलांना आगी लागतात तेव्हा त्या विझवायला जाणाऱ्या एका तुकडीची ती प्रमुख आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “काका, आगीवरून जोक नको. माझे सगळे लोक तोच करतात.”

मी जोक करणार नव्हतो. मी सांगितलं. दिवे माझे होते, बंद मी केले, हात वर केला.

“आय नो,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीचा एक दिवा पिवळा होता आणि एक पांढरा. तुम्ही एकच बदलला होता. पाण्यात दोन रंगांचे पट्टे पडले होते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. मीटिंगमध्ये. मग त्या रविवारी.”

“आणि मग?”

“मग काय, काका. कामाला लागले.”

मी म्हटलं, हे सगळं स्मरणिकेत देतोय. छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर नको, असं ओंकारला सांगणार आहे. छापलं नाही तर कार्यक्रमात उभा राहून वाचीन. सगळे असतील, डॉक्टर पेंडसेही.  तिच्या मागे कुणीतरी इंजिन सुरू करत होतं. तिने कुणाला तरी इंग्रजीत दोन शब्दांत गप्प केलं.

“तू ये,” मी म्हणालो.

“सीझन चालू आहे, काका. आय कान्ट. आणि तो फोटो काढायला सांगा. ओरडल्यासारखी दिसते मी. बाबांनी पाठवला मला.”

“ओरडतच होतीस.”

ती हसली. मग म्हणाली, “एक विचारू? काकूंना दिसलं का? दिवे जायच्या आधी?”

इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेला हा एकमेव प्रश्न, ज्याचं उत्तर द्यायला मला लाज वाटली नाही.

“दिसलं,” मी म्हणालो. आणि काय दिसलं ते तिला सांगितलं. ती पाण्यात होती, तिला कसं कळणार?

काचेच्या पलीकडे नदी, पाण्यावर दोन रंगांचा उजेड. मूर्ती एकदा पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. शुभाने मांडीवरचं पांघरूण बाजूला सारून हात जोडले. सई कमरेपर्यंत भिजलेली, मान उजवीकडे कलती, कशाची तरी वाट बघत. मग ती वळली. झाडी, काठ, पोरांची डोकी, सगळ्यावरून तिची नजर फिरली आणि आमच्या गाडीवर येऊन थांबली, त्या दिवशी सिंकपाशी थांबली होती तशी. तिने ध्वज आणखी उंच धरला, आम्हाला दिसावा म्हणून. ध्वज कोरडा होता. माझा हात दिव्यांच्या बटणावर होता.